गळक्या हौदाची दुरुस्ती : पैसे गेले, मासेही गेले

जुळे सोलापुरातल्या एका घरामागे सिमेंटचा हौद आहे. ८ फूट लांब, ५ फूट रुंद, अडीच फूट खोल. त्यात चार कोई (शोभेचे मोठे रंगीत मासे), दहा-बारा गोल्डफिश आणि एका कडेला छोटा धबधबा. मे महिन्यात पाणी रोज तीन सेंटिमीटर उतरायला लागलं, म्हणून घरच्यांनी दुरुस्तीवाला बोलावला. त्याने काठावर उभ्या उभ्याच सांगितलं, "तळ फुटलाय. काळ्या मातीनं खेचलाय." चोवीस हजारांत उक्तं काम ठरलं, निम्मे पैसे इसार म्हणून गेले. दोन दिवसांत लेप झाला, तिसऱ्या दिवशी पाणी भरलं, चौथ्या दिवशी सकाळी चारही कोई मेलेले. आणि हौद पहिल्याइतकाच गळत होता.

यातली वाईट गोष्ट अशी की त्याचं बोलणं खोटं वाटत नाही. सोलापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हौदांना खरंच तडे जातात. पण या हौदाला तो आजार नव्हता, आणि ते कळायला एक बादली पुरली असती.

हौदातल्या पायरीवर किंवा दोन विटांवर बादली ठेवा, काठ पाण्याच्या वर राहील अशी. त्यात हौदाचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा. बादलीच्या आतून आणि बाहेरून पेन्सिलीने खूण करा आणि पंप बंद करून चोवीस तास थांबा. पंप बंद असेल तेवढा वेळ हवेचा छोटा पंप चालू ठेवा, नाहीतर रात्री मासे गुदमरतील. आत-बाहेर पातळी सारखीच उतरली तर ते नुसतं बाष्पीभवन. आपल्याकडे मेमध्ये रोज एक सेंटिमीटरच्या आसपास पाणी उन्हानेच जातं. या हौदात एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ३७ लिटर, त्यामुळे गळती नसतानाही माणूस घाबरतो. दुसऱ्या दिवशी हीच चाचणी पंप चालू ठेवून करा. धबधब्याने बाष्पीभवन थोडं वाढतं, पण तिप्पट होत नाही.

इथे पंप बंद असताना पाणी एकच सेंटिमीटर उतरत होतं, चालू केला की तीन. म्हणजे गळती तळात नव्हतीच, ती धबधब्याकडे जाणाऱ्या पाइपात होती. वरच्या दगडाआड एल्बोचा, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या तुकड्याचा, जोड सुटला होता आणि पाणी मागच्या मातीत मुरत होतं. जोड कापून, नवा एल्बो सॉल्व्हंट सिमेंटने (पाइप चिकटवायच्या डिंकाने) बसवला असता तर काम तासाभराचं होतं.

पंप बंद असतानाही बाहेरचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरत असेल, तर मात्र गळती हौदातच आहे. तेव्हा मासे हलवा आणि पाणी उतरू द्या. ते जिथे थांबेल, त्या रेषेवर किंवा किंचित वर भेग शोधा. संशयाच्या जागी पाणी स्थिर असताना ड्रॉपरने खाण्याचा रंग सोडा, भेग असेल तर रंग तिकडे ओढला जातो. एवढं न करता जो सगळा हौद लेपायला निघतो, त्याला काम देऊ नका.

आता लेपाबद्दल. या हौदात तळ आणि भिंती मिळून १०५ चौरस फूट, म्हणजे पावणेदहा चौरस मीटर क्षेत्र भरतं. पॉलिमर-सिमेंटच्या लेपाचा माल चौरस मीटरला किती किलो लागतो, ते पिशवीवर छापलेलं असतं. दोन हातांना, म्हणजे दोन थरांना मिळून दीड किलो धरला तरी पंधराएक किलो माल हवा. इथे आला एक बिनलेबलाचा कॅन, "केमिकल" म्हणून, आणि अर्धी गोणी साधं सिमेंट. भेगा खोदल्या नाहीत, वरूनच घोटाई केली. नीट पद्धत अशी: भेग छिन्नीने १० ते १२ मिलिमीटर खोल उघडायची, धूळ काढून ओली करायची, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायची. भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई द्यायची आणि तिथे फायबरची जाळी पहिल्या हातात दाबायची. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. माल तुमच्यासमोर सीलबंद उघडला गेला पाहिजे, आणि तो पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा हवा. गच्चीचे काही लेप बुरशीनाशक घातलेले असतात, ते माशांना विषारी ठरू शकतात.

कोई मेले ते कशाने? ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप, ११-१२ पर्यंत चढतो आणि माशांचे कल्ले भाजून निघतात. पीएचची पट्टी बुडवून पाहिली असती तर रंगावरून लगेच कळलं असतं. नव्या गिलाव्यावर सात दिवस पाणी मारायचं. मग हौद भरून तीन-चार दिवस ठेवायचा, रिकामा करून घासायचा, आणि हे तीनदा करायचं. शेवटचं पाणी दोन दिवस ठेवूनही पीएच ८.५ च्या आत राहिला, तरच मासे सोडायचे. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे तीनदा हौद ओतणं जिवावर येतं हे खरं. पण हा टप्पा गाळून काम होतच नाही, आणि दुरुस्तीवाल्याने ते आधी सांगायला हवं. हौदातून ओतलेलं ते पाणी झाडांनाही घालू नका.

त्याने मात्र दोष नळाच्या क्लोरीनवर ढकलला आणि आठशे रुपयांची निळ्या पाण्याची बाटली विकली. क्लोरीनने मासे मरतात, हेही खरं. पण त्याला पाण्याच्या मापाने सोडियम थायोसल्फेट टाकलं की पुरतं, किंवा पाणी टाकीत हवा सोडत एक दिवस ठेवलं तरी क्लोरीन उडून जातो. पीएच मात्र कुठल्याही निळ्या औषधाने उतरत नाही. पुढे पाणी हिरवं झालं तेव्हा त्याने मोरचूद टाकलं. शेवाळ एका दिवसात मेलं, कुजायला लागलं, रात्रीतून पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि पहाटे गोल्डफिश पृष्ठभागावर तोंड उघडत होते. हिरव्या पाण्याला ५० टक्के सावलीची शेडनेट, कमी खाद्य आणि कमळाच्या पानांनी अर्धा झाकलेला पृष्ठभाग हाच इलाज आहे. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून तो कुणी विकत नाही.

मग आला तिसरा खर्च: शेततळ्याचा कागद. "५०० मायक्रॉन, दहा वर्षं बघायला नको." डाळिंबवाल्यांच्या शेततळ्यांमुळे आपल्याकडे हा कागद सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे विश्वास पटकन बसतो. मोजून घ्या. लांबीत दोनदा खोली आणि दोन्ही काठांना एकेक फूट मिळवा: ८ + ५ + २ = १५ फूट. रुंदीला ५ + ५ + २ = १२ फूट. म्हणजे १८० चौरस फूट, पावणेसतरा चौरस मीटर. ५०० मायक्रॉनची (अर्धा मिलिमीटर जाडीची) सलग एचडीपीई प्लास्टिकची फिल्म चौरस मीटरला साधारण ४७० ग्रॅम भरते, तेव्हा एवढा तुकडा आठ किलोच्या जवळ हवा. रद्दीवाल्याच्या काट्यावर तो चार किलो भरला, म्हणजे २५० मायक्रॉनचा. विणलेला, लॅमिनेट केलेला कागद असेल तर वजनाचं गणित वेगळं, पण त्यावर आयएस १५३५१ ही खूण मागा. तुकडे जोडायचे असतील तर गरम मशीननेच, चिकटपट्टीने नाही.

पंपही तसाच तपासा. खोक्यावरचा "ताशी ३००० लिटर" हा आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. धबधब्याच्या तोंडाशी १५ लिटरची बादली धरा: १८ सेकंदांत भरली तर ताशी ३०००, ३६ लागले तर १५००. या हौदात २८३० लिटर पाणी आहे. ते दोन तासांत एकदा फिल्टरमधून गेलंच पाहिजे आणि कोई असतील तर तासाभरात. वायरचा जोड काळ्या टेपने बांधून पाण्यात सोडलेला दिसला तर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात घालू नका. या लाइनला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या.

आणखी एक जाळं असतं महिन्याच्या देखभालीचं: "पूर्ण पाणी बदलून, फिल्टर चकाचक." फिल्टरचा स्पंज नळाखाली घासला की अमोनिया पचवणारे जीवाणू मरतात आणि ते पुन्हा वाढायला चार ते सहा आठवडे जातात. आठवड्याला १० ते २० टक्केच पाणी बदला, स्पंज हौदातून काढलेल्या पाण्यातच पिळा.

ठरवताना कागदावर लिहून घ्या: मालाचं नाव, किलो, किती हात, पाणी किती दिवस ठेवून पाहणार. तीस टक्के पैसे सात दिवसांच्या बादली-चाचणीनंतरच द्या. फसवणूक झालीच तर पिशव्यांचे फोटो, पीएचच्या पट्टीचा फोटो आणि कागदाचा कापलेला तुकडा जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि कामापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पैसे रोख दिले असतील तर निदान मोबाइलवरच्या संदेशात तरी ती रक्कम त्याच्याकडून कबूल करून घ्या.