रायझन ५ ५६००जी, ग्राफिक्स कार्डाशिवाय: दिवाळी ते मे वापरून

दिवाळीला एएमडीच्या ५६००जी प्रोसेसरवर पीसी असेंबल करून घेतला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ए५२० बोर्ड, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॅटचा सप्लाय, आणि आता अकोल्याचा मे पण त्यावर काढून झालाय म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी रॅम, कारण इथेच लोक फसतात. या प्रोसेसरच्या आतच असलेल्या वेगा ७ ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच घेतं, त्यामुळे रॅम किती जीबी एवढंच बघून भागत नाही. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते, दोन चॅनलवर दोन लावल्या की ५१.२. मला दुकानदाराने १६ जीबीची एकच स्टिक लावून दिली, वर "पुढे वाढवता येईल ना सर" आणि बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारी सेटिंग, बंदच, म्हणजे पैसे ३२०० चे आणि चालतेय २४०० वर. मागे लागून ८-८ च्या दोन बदलून घेतल्या, एक्सएमपी चालू केलं, आणि पोराची व्हॅलोरंट गेम जी धुमश्चक्री सुरू झाली की अडखळायची ती लो सेटिंगवर मस्त सलग चालायला लागली. प्रोसेसर तोच, बाकी काहीच बदललं नाही!

तुमच्याकडे असा पीसी असेल तर आत्ता बघा: टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे खाली स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. दोनपैकी एकच दिसला तर ग्राफिक्सचा बराच जोर वाया चाललाय. आणि १६ पैकी १३.९ च वापरता येते असं दिसलं तर घाबरू नका, मी बायोसमध्ये २ जीबी ग्राफिक्सला राखून ठेवलीय म्हणून माझ्याकडे तसंच दिसतं.

रोजच्या कामाला तक्रारीला जागा नाही. बायकोचं टॅली, क्रोममध्ये वीस टॅब, माझं फोटोशॉप, सगळं एकदम चालतं, ६ कोर १२ थ्रेड आहेत शेवटी. यूट्यूबचा एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करायचा एक प्रकार) व्हिडिओ मात्र हे ग्राफिक्स डीकोड करत नाही, तो भार प्रोसेसर घेतो, म्हणून ४के लावला की पंखा जरा वाढतो. जीटीए ५ १०८०पी ला नॉर्मलवर खेळण्यासारखी चालते. रिझॉल्व या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं कापाकापीचं काम होतं, नॉइज रिडक्शन टाकलं की बसा वाट बघत.

गरमीचं विचाराल तर बॉक्समधला रेथ स्टेल्थ कूलर हिवाळ्यात आवाजसुद्धा करत नव्हता, मे मध्ये खोली गार करणारा कूलर बंद असताना गेम लावली की प्रोसेसरचं तापमान ८५ च्या वर जातं. एएमडीची मर्यादा ९५ आहे त्यामुळे बंद पडला नाही, पण आपल्याकडची धूळ बघता केबिनेट उघडून ब्लोअर मारत राहायला पाहिजे, पुढच्या जाळीवर तर अक्षरशः थर बसतो.

वर्षभरात ग्राफिक्स कार्ड टाकायचं नक्की असेल तर मी ५६००जी घ्या म्हणणार नाही. यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आणि पीसीआयई (कार्ड ज्यावरून जोडलं जातं तो मार्ग) ३.०, साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी आणि ४.०, कार्डासोबत तोच पुढे असतो. पण त्यात ग्राफिक्स अजिबात नाही, कार्ड येईपर्यंत स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, म्हणून कार्डाचे पैसे हातात असतील तरच.