वागळे इस्टेटमधली सेल्फ-टेपची खोली: पन्नाशीपुढच्या चेहऱ्याला कितपत चालते?

आधी निकाल. ऑडिशन स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायची ही खोली विशीतल्या-तिशीतल्या मुलामुलींसाठी आहे तशी चांगली आहे. सासरा, सरपंच, हेडमास्तर, हवालदार, आजी, घरमालकीण असे रोल ज्यांना येतात, त्यांनाही ती चालेल, पण आत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तिथली मांडणी बदलून घ्यावी लागते. दिलंय ते मुकाट्यानं घेतलंत तर भाडं भरून दहा वर्षांनी तरुण होऊन बाहेर पडाल. रोल नेमका त्या दहा वर्षांचाच असतो.

जागा एका औद्योगिक गाळ्याच्या पोटमाळ्यावर आहे. पुढे तक्रारीही लिहिल्यात, म्हणून नाव देत नाही. कामं तीन: ताशी भाड्यानं सेल्फ-टेप, फोटो पोर्टफोलिओ आणि जुन्या कामांतले तुकडे जोडून शोरील, म्हणजे नमुन्याची छोटी फिल्म, कापून देणं. ठाण्यात अशी सोय हवीच होती. मालिकांचे बरेचसे सेट घोडबंदर रोडला आणि काम करणारी माणसं ठाणे, डोंबिवली, कल्याणला. पूर्वी एका ऑडिशनसाठी अंधेरीच्या आरामनगरात अख्खा दिवस जायचा. आता सकाळी फोनवर दोन पानं येतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘संध्याकाळपर्यंत पाठवा’. सेटवर ब्रेक मिळाला तर वागळेला येऊन परत जाता येतं, घोडबंदर मोकळा असेल तर.

सगळ्यात मोठी अडचण उजेडाची. दार उघडलं की समोरच कॅमेऱ्याभोवती रिंग लाइट लावलेला असतो. हा दिवा भिंगाच्या चारी बाजूंनी सारखा उजेड टाकतो, त्यामुळे चेहऱ्यावर सावलीच पडत नाही. सुरकुती म्हणजे कातडीतली खाच. खाच दिसते ती तिच्यात सावली असते म्हणून. सावली गेली की कपाळावरच्या रेघा जातात, डोळ्यांखालच्या पिशव्या जातात, ओठांच्या कडेची घडी जाते. मेकअपच्या जाहिरातीला हे ठीक. पण शेतावर राबलेल्या आजोबांसाठी ज्याला बोलावलंय, त्याचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो. वर डोळ्यांत दोन पांढरी कडी चमकतात ती वेगळीच.

चेहऱ्यावरचं वय हीच चरित्र अभिनेत्याची कमाई, याचं उदाहरण ठाणेकरांना बाहेर शोधायला नको. रवी पटवर्धन इथलेच. रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी नाटक-सिनेमा केला, गावचे पाटील आणि पोलीस अधिकारी रंगवले. ‘आरण्यक’ नाटकातला धृतराष्ट्र त्यांनी चाळिशीच्या आत एकदा केला आणि ऐंशी ओलांडल्यावर पुन्हा केला. पहिल्या वेळी म्हातारपण रंगवायचं होतं, दुसऱ्या वेळी ते चेहऱ्यावर आयतं होतं. २०१९ साली सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’तल्या आजोबांना तर पोरंसोरंही ओळखायला लागली, तेव्हाही वय ऐंशीपारच. डिसेंबर २०२० मध्ये ते गेले, तोवर काम चालू होतं. चरित्र अभिनेत्याचा धंदा असा उलटा असतो. नायकाचं ज्यानं नुकसान होतं, त्यावर याचं पोट चालतं. ते आपणच दिव्याखाली धुऊन टाकायचं म्हणजे कमाल आहे.

तेव्हा रिंग लाइट बंद करायला सांगा. कोपऱ्यात दोन सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढरं कापड लावलेले पेटीसारखे दिवे, उभे असतात, त्यातला एकच घ्या. तो कॅमेऱ्याच्या एका बाजूला साधारण ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीहून फूट-दीड फूट वर ठेवा. दुसऱ्या बाजूला दिवा नको, पांढरं थर्मोकोल पुरतं. ते जवळ आणलं की सावली उजळते, लांब नेलं की गडद होते. खलनायकी रोल असेल तर थर्मोकोल काढूनच टाका. खोलीतली ट्यूब विझवायला विसरू नका. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; सॉफ्टबॉक्स ५६०० केल्विनचा आणि ट्यूब ६५०० ची असली की चेहऱ्याची एक बाजू निळसर होते, ती नंतर दुरुस्त करताना कातडीचा रंग बिघडतो.

चष्मेवाल्यांची वेगळी गंमत. काचेत दिव्याची चौकट दिसते आणि डोळे गायब होतात. दिवा अजून वर चढवा आणि चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचला. काचा जरा खाली झुकतात आणि चकाकी कॅमेऱ्याकडे न जाता जमिनीकडे जाते. टक्कल असेल तर कपाळापासून मागेपर्यंत साध्या पावडरचा हात फिरवा. तिथला मेकअपवाला पॅनकेक, म्हणजे जाड थराचा मेकअप, लावायला काढतो, त्याला नको म्हणा. पॅनकेक सुरकुत्यांत बसतो आणि वीस मिनिटांत पापुद्रे दिसायला लागतात.

पडदे दोन आहेत, एक राखाडी आणि एक हिरवा. हिरवा बघायलाच नको. पांढऱ्या केसांवर आणि दाढीवर त्याची हिरवी छटा उतरते, कडा खातात आणि आजोबा शेवाळलेले दिसतात. राखाडीच घ्या. खोली साधारण १४ फूट लांब आहे. पडद्यापासून ५ फूट पुढे उभं राहिलात की पडद्यावर सावली पडत नाही, आणि कॅमेरा ७ फुटांवर ठेवला तर मागे कॅमेरावाल्याला कसेबसे दोन फूट उरतात. या अंतरावर छातीपासून वरच्या फ्रेमला ८५ एमएम भिंग लागतं, कमरेपासून वरच्या फ्रेमला ५० एमएम. इथं सवयीनं ३५ एमएम लावून कॅमेरा नाकाशी आणतात. त्यात नाक फुगतं, कान मागे पळतात. ३५ एमएम लावायचं ते फक्त पूर्ण उंचीच्या शॉटला, तेही कॅमेरा उभा धरून. घरी फोनवर करणाऱ्यांसाठीही हेच: फोन तोंडाशी आणू नका, मागे न्या आणि २एक्स झूम लावा.

पांढरा कुर्ता किंवा पांढरं नऊवार नेसून जाणार असाल तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, गालावर लॉक करून घ्या. कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो पांढऱ्याला घाबरून सगळं चित्र काळं करतो, कपडा नीट दिसतो आणि तोंड काजळतं. बारीक रेघांचा शर्ट तर नकोच, पडद्यावर तो नाचतो. शटर १/५० सेकंदावर आणि कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आहे ना, हे विचारा. आपली वीज ५० हर्ट्झची. फोन ३० फ्रेम आणि १/६० वर राहिला तर स्वस्त एलईडीखाली चित्रावरून पट्टे सरकतात. इथल्या मोठ्या कॅमेऱ्याला ते बरोबर लावलेलं असतं, हे मान्य करायला हवं.

आवाजाबद्दल पाटीवर ‘साउंडप्रूफ’ लिहिलंय, ते खरं नाही. भिंतींना काळा फोम चिकटवलाय. फोमनं आतला आवाज घुमत नाही, एवढंच त्याचं काम; बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत आणि रबरी कडेचं जड दार लागतं, आणि इथं दार प्लायचं. शेजारच्या गाळ्यातलं प्रेस मशीन चालू झालं की त्याचा ठोका प्रत्येक वाक्याखाली ऐकू येतो. पावसाळ्यात वरचा पत्रा वाजतो, त्याला तर इलाजच नाही. एसी टेकच्या वेळी बंद करावाच लागतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळचीच वेळ मागा. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावतात, ते बरोबर. पण खळ घातलेला कुर्ता किंवा रेशमी पदर त्यावर घासला की खरखर येते. तसं असेल तर माइक डोक्यावरून स्टँडला टांगून घ्या. त्यांच्याकडे तो आहे, मागितल्याशिवाय काढत नाहीत. भाडं देण्याआधी दहा सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. ठोका ऐकू आला तर वेळ बदलून घ्या. याला ते खळखळ करत नाहीत.

क्यू देणाऱ्याबद्दल मात्र राग आहे. भाड्यात एक पोरगा मिळतो, तो समोरच्या पात्राची वाक्यं वाचतो. वाचतो म्हणजे बसच्या पाट्या वाचाव्यात तसा. सगळी वाक्यं एका दमात, मध्ये श्वास नाही. नायकाचं यात फार बिघडत नाही, पानभर वाक्यं त्याचीच असतात. चरित्र भूमिकेत चार वाक्यं आपली आणि बारा समोरच्याची. खरं काम त्या बारा वाक्यांच्या वेळी चेहऱ्यावर चालतं. मुलगी घर सोडून जाते म्हणते आणि बाप काही बोलत नाही, अशा सीनला क्यूमध्ये थांबा नसेल तर बापाला करायला काही उरतच नाही. म्हणून नाटकातला किंवा एकांकिकेतला आपला माणूस सोबत न्या, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. त्याला भिंगाला खेटून उभा करा, डोळे भिंगाच्या उंचीवर आणि आवाज तुमच्यापेक्षा एक पट्टी खाली. सीनमध्ये दोन माणसं असतील तर एकाची नजर भिंगाच्या डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. भिंगात थेट बघायचं ते फक्त इंट्रोला.

इंट्रोचं ते चांगलं करतात. नाव, उंची, राहण्याचं गाव, चालू मालिका, मोकळ्या तारखा, मग डावी-उजवी प्रोफाइल आणि हात. एवढंच म्हणायचं, बोली येत असेल तर ‘सगळ्या बोली येतात’ असं सांगण्यापेक्षा वीस सेकंद बोलून दाखवा. आगरी येणाऱ्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या माणसांनी तर नक्कीच. ती बाहेरून शिकून येत नाही, आणि खोटी असली तर इथला प्रेक्षक पहिल्या वाक्याला ओळखतो.

फोटोंच्या पॅकेजमध्ये तीन लूक मिळतात. फोटोग्राफर हाताचा चांगला, फक्त नंतर कातडी गुळगुळीत करायची खोड आहे. मूळ फाइली मागून घ्या. पुरुषांनी क्रम पाळा: आधी वाढलेली दाढी, मग नुसती मिशी, शेवटी सफाचट. उलटं जाता येत नाही, आणि महिनाभर वाढवून आलेली दाढी पहिल्याच लूकला उतरवल्यावर ते ध्यानात येतं. मालिका चालू असेल तर कंटिन्युटीवाल्यांना, म्हणजे एका सीनचा लूक दुसऱ्याशी जुळतो का ते बघणाऱ्यांना, विचारल्याशिवाय वस्तरा लावूच नका. खोटी दाढी ऑडिशनला चिकटवू नका. गमाची कड दिसते आणि बघणाऱ्याचं लक्ष तिथंच राहतं.

शोरील हे या जागेचं सगळ्यात कच्चं काम. मुलगा कापतो वेगानं, पण ढोल-ताशाचं संगीत टाकून तुमचे तुकडे नायकाच्या फाइटमध्ये पेरतो. दोन मिनिटांच्या आत, संगीताशिवाय, पहिल्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा आणि तुमचं वाक्य, असं कागदावर लिहून द्या. कुठला सीन कुठून कुठवर हेही वेळेसकट द्या. सारखी कामं लागोपाठ नको, वेगळी कामं शेजारी ठेवा: गरीब बापाला लागून गरीब बाप नको, त्याच्यानंतर माजलेला बिल्डर. आणि मूक प्रतिक्रियेचे क्लोज तो ‘डायलॉग नाही’ म्हणून उडवतो, ते परत घालून घ्या.

फाइलबद्दल. १०८० पिक्सेलला ८ मेगाबिटनं तीन मिनिटांचा सीन साधारण १८० एमबी होतो. तो व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकला की दाबला जातो आणि डोळे पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका. फाइलला नाव द्या: आपलं नाव, पात्राचं नाव, उंची. इथून ‘फायनल-२’ अशा नावाची फाइल मिळते, आणि कास्टिंगवाल्याच्या फोनात तसल्या पन्नास पडलेल्या असतात.

तिन्ही सेवांचं एकत्र पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. घाई नको. मालिकेचं मानधन साधारण ९० दिवसांनी हातात पडतं, तेही १० टक्के टीडीएस कापून. आणि हा खर्च आजच खिशातून जातो. आधी एक तास टेपसाठी घ्या. फोटो लूक बदलेल तेव्हा, शोरील प्रसारित झालेले निदान तीन सीन हातात असतील तेव्हा. पक्कं बिल मागितलं तर देतात. तासात मांडणीची वीस मिनिटं धरलेली असतात, म्हणजे टेकला चाळीसच. वाक्यं पाठ करून जा, तिथं बसून पाठ करायला भाडं फार आहे.

स्टेशनहून रिक्षा मिळते. पोटमाळ्याचा जिना लोखंडी आणि उभा आहे, कठडा एकाच बाजूला. गुडघेदुखीवाल्यांनी आधी फोन केला तर खाली ऑफिसातच टेप करून देतात, तिथं पत्रा वाजत नाही पण फोमही नाही. शुक्रवारी इस्टेटमधल्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे प्रेसचा ठोका नसतो आणि टेपला तोच दिवस सगळ्यात चांगला. फक्त विजेची दुरुस्तीही पुष्कळदा शुक्रवारीच काढतात, तेव्हा निघण्याआधी लाइट आहे का विचारून घ्या.