मोटर हळू फिरवायची आहे: रिओस्टॅट की पीडब्ल्यूएम?

१२ व्होल्टच्या डीसी मोटरचा वेग कमी करायला काय लावू, असं एका मित्राने विचारलं. पर्याय दोन: रिओस्टॅट, म्हणजे मोटरच्या वाटेत बसवलेला कमी-जास्त करता येणारा रोध, आणि पीडब्ल्यूएम, म्हणजे मोटरची वीज झपाट्याने चालू-बंद करत राहणं.

आधी उष्णता, कारण खरा फरक तिथेच आहे. मोटर २ अँपिअर घेत असेल आणि तिला ६ व्होल्टच द्यायचे असतील, तर उरलेले ६ व्होल्ट रिओस्टॅट गिळतो. म्हणजे १२ वॅट नुसते तापण्यात गेले. पीडब्ल्यूएममध्ये मॉस्फेट (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. निम्मा वेळ चालू ठेवला की सरासरी ६ व्होल्ट मिळतात. चालू आणि बंद यांच्या मधली अर्धवट अवस्था क्षणभरच, म्हणून तो फारसा तापत नाही.

भार वाढला की करंट वाढतो, रिओस्टॅटमध्येच जास्त व्होल्टेज पडतं आणि मोटर नेमकी गरजेच्या वेळी मान टाकते. पीडब्ल्यूएमवरही वेग उतरतो, पण इतका नाही.

जोडणी रिओस्टॅटची सोपी. दोन तारा, झालं! पीडब्ल्यूएमला सर्किट हवं, मोटरला समांतर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच (विसरलात तर मॉस्फेट गेलाच समजा). फ्रिक्वेन्सी २० किलोहर्ट्झच्या खाली असेल तर मोटर शिट्टीही वाजवते.

छोटी मोटर, अधूनमधून पाच मिनिटं चालणार, तर रिओस्टॅट पुरे. बॅटरीवर चालणारं, तासन्‌तास फिरणारं किंवा कमी वेगात ओझं ओढणारं काही असेल, तर पीडब्ल्यूएमच.