मोटार रॅलीला माणसं जमवायची: पैसे स्टंटवर घालावेत की स्टेजवर?

रॅलीच्या दोन-तीन महिने आधी आयोजकांच्या बैठकीत हा विषय निघतोच. प्रसिद्धीसाठी रक्कम मोजकी असते. कुणीतरी म्हणतं, शहरातल्या मैदानात रॅम्प लावू, गाडी उडवू, डोनट मारू (गाडी जागच्या जागी गोल फिरवू), गर्दी तुटून पडेल. दुसरं कुणी म्हणतं, त्याच पैशात स्टेजपर्यंत, म्हणजे रॅलीच्या गाड्या घड्याळ लावून धावतात त्या बंद केलेल्या रस्त्यापर्यंत, बस सोडू, बघायच्या दोन जागा नीट तयार करू आणि लोकांना खरी रॅली दाखवू. नाशिककडच्या मुरमाड रस्त्यांवर मी बरीच वर्षं मार्शल म्हणून, रस्ता आणि प्रेक्षक सांभाळायला, उभा राहिलोय आणि मैदानातल्या स्टंटच्या दोरीमागेही उभा राहिलोय. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते स्टेजवर घालावेत, हे माझं मत. तरी स्टंटची बाजू लेचीपेची नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

स्टंटची ताकद

३१ डिसेंबर २००९च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच बंदरावर ट्रॅव्हिस पास्त्रानाने सुबारू इम्प्रेझा रॅम्पवरून हवेत सोडली आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बार्जवर उतरवली. उडी २६९ फुटांची, म्हणजे जवळपास ८२ मीटर. आधीचा १७१ फुटांचा विक्रम केन ब्लॉक या रॅली चालकाच्या नावावर होता. ही उडी मारणारा माणूस २००६ ते २००९ अशी सलग चार वर्षं अमेरिकेच्या रॅली स्पर्धेचा विजेता होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या ज्यांना रॅली शब्दही माहीत नव्हता, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला. कुठल्याही स्टेजला एका रात्रीत हे साधलं नसतं.

केन ब्लॉकचं काम त्याहून मोठं. २००८पासून त्याच्या ‘जिमखाना’ चित्रफिती, म्हणजे गाडीच्या कसरतींच्या फिती, येऊ लागल्या. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उभ्या चढांवर, रस्ते बंद करून केलेली फीत तर आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांनीही पुन्हा पुन्हा पाहिली. जागतिक रॅली स्पर्धेत तो कधी सातव्या क्रमांकाच्या वर गेला नाही (मेक्सिको, २०१३), पण त्यामुळे त्याचं मोल कमी होत नाही. फितीतला हा माणूस मिझुरीतल्या हंड्रेड एकर वूडसारख्या जंगलातल्या रॅलीत स्वतः उतरायचा आणि जिंकायचाही. फीत आवडली की पुढे कुठे जायचं, हे बघणाऱ्याला कळत होतं. स्टंटने रॅलीला मदत केली, ती या दुव्यामुळे.

आपल्याकडे नेमका हाच दुवा तुटलेला असतो. मी पाहिलेल्या एका मैदानातल्या कार्यक्रमाला तोबा गर्दी होती. धूर, शिट्ट्या, मोबाइल वर. संपल्यावर बाहेर पडणाऱ्या पोरांना मी विचारलं, रॅली कधी आहे? एकालाही सांगता आलं नाही. मैदानात रॅलीच्या तारखेचा एकसुद्धा फलक नव्हता. इतका खर्च करून लोक आले, पाहिलं आणि घरी गेले.

स्टेजची अडचण

स्टेजवर पोहोचलेला नवखा माणूस पहिल्या वीस मिनिटांत वैतागतो, हे मार्शलइतकं कुणाला ठाऊक नसेल. गाड्या एकेक करून, ठरावीक अंतराने सुटतात. एक येते, धुरळा उडवते, नाहीशी होते. मग शांतता. मला गावकऱ्यांनी दर वेळी हाच प्रश्न विचारला आहे: “पहिला कोण आहे आत्ता?” आणि त्यामागून, “हे शेजारी बसलेलं काय करतंय, वही घेऊन?”

या दोन प्रश्नांत सगळी रॅली आहे. पहिला कोण, हे डोळ्यांना दिसत नाही, घड्याळाला दिसतं. वहीवाला म्हणजे को-ड्रायव्हर. रेकीच्या दिवशी त्याने आणि चालकाने तो रस्ता फिरून प्रत्येक वळणाची नोंद केलेली असते, आणि स्टेजवर तो ‘हंड्रेड, लेफ्ट फोर, डोन्ट कट’ (शंभर मीटरवर डावं वळण, आकडा त्याच्या तीव्रतेचा, आतून कापू नको) असं वाचत जातो. पुढचं वळण दिसायच्या आधी गाडी वळलेली असते, कारण ते वळण कानाने आधीच गाठलेलं असतं. मी हे एका आजोबांना समजावलं तेव्हा ते उन्हात संध्याकाळपर्यंत थांबले आणि गाड्यांचे आकडे मोजून नातवाला वेळा सांगू लागले.

स्टंटमध्ये या दोन्ही गोष्टी नसतात. घड्याळ नसतं आणि वहीवालाही नसतो. चित्रफितीत एखादी हुकलेली उडी पुन्हा मारता येते; स्टेज एकदाच मिळते. स्टंट पाहून भुललेला माणूस रॅलीत आला की त्याला सगळ्यात आधी या रिकाम्या वेळेचा कंटाळा येतो, कारण त्याला कुणी वेगळं काही सांगितलेलंच नसतं.

दोन उड्या शेजारी ठेवा

फिनलंडच्या रॅलीतली औनिनपोह्या ही स्टेज उड्यांसाठीच प्रसिद्ध आहे. २००३ साली मार्को मार्टिनची फोर्ड फोकस तिथे ५७ मीटर उडाली. लाँग बीचच्या उडीपेक्षा पंचवीस मीटरने कमी. पण जमिनीवर चाकं टेकताच पुढचं वळण समोर होतं, घड्याळ चालू होतं, आणि शेजारी को-ड्रायव्हर मायकल पार्क पुढची ओळ वाचायला बसलेला होता. मार्टिनने ती रॅली जिंकली. कुणाला रॅली समजावून सांगायची असेल तर मी ५७ मीटरवाली उडी दाखवीन, ८२ मीटरवाली नाही.

स्वीडनच्या रॅलीवाल्यांनी यातून फार सुंदर मधला मार्ग काढला होता. वार्गोसेन स्टेजवरच्या एका उंचवट्याला त्यांनी स्कॉटलंडचा रॅली चालक कॉलिन मॅक्रेचं नाव दिलं, ‘कॉलिन्स क्रेस्ट’, आणि सर्वांत लांब उडीला वेगळं बक्षीस ठेवलं. एकूण निकालात त्या उडीचा एक सेकंदही फायदा नाही. तरी चालक गाडी सोडायचे आणि बर्फात उभे असलेले लोक मीटर मोजायचे. २०१६मध्ये आयविंड ब्रिनिल्डसेनने तिथे ४५ मीटर गाठले. यासाठी वेगळा रॅम्प लागला नाही की वेगळं मैदान. शर्यतीतल्याच एका जागेला नाव दिलं, मोजमाप दिलं आणि लोकांना तिथे यायचं कारण दिलं. आपल्या कुठल्याही स्टेजवर असा एक उंचवटा किंवा ओढ्यातलं एक वळण सापडतंच. त्याला गावाचं नाव द्या.

मॅक्रेचीच आणखी एक आठवण इथे द्यायला हवी. २००६च्या एक्स गेम्स या अमेरिकेतल्या साहसी खेळांच्या स्पर्धेत लॉस एंजेलिसजवळच्या कार्सनच्या स्टेडियमच्या आत त्याची गाडी उडीनंतर उलटली, पलटी खाऊन चाकांवर उभी राहिली, आणि तो तशाच मोडक्या गाडीने शेवटपर्यंत गेला. पास्त्रानाकडून तो सेकंदाच्या एका तुकड्याने हरला. तो प्रसंग कुणी ठरवून घडवला नव्हता, म्हणूनच आजही सांगितला जातो.

आणि कोणतीही उडी नसलेली एक फीत. फिनलंडमध्ये आठ वर्षांचा कल्ले रोवानपेरा जुनी टोयोटा स्टारलेट चालवताना दिसतो. वडील हॅरी स्वतः जागतिक रॅलीतले चालक. पोराचे छोटे हात स्टिअरिंगवर कसे चालतात हे पाहून जग थक्क झालं. तोच मुलगा २०२२मध्ये, बावीस वर्षं आणि एक दिवस वय असताना, जगज्जेता झाला. कौशल्य जसंच्या तसं दाखवलं तरी लोक बघतात, हे मला त्या फितीने शिकवलं.

धोक्याचा हिशेब

इथे मात्र स्टंटचं पारडं जड आहे. बंदिस्त मैदान, दोरी, बॅरिकेड, उभी रुग्णवाहिका. स्टेजवर माणसं आणायची तर ती जबाबदारी कित्येक किलोमीटर पसरते. १९८६च्या पोर्तुगाल रॅलीत लोक अक्षरशः रस्त्यावर उभे असायचे. एक गाडी गर्दीत घुसली आणि तीन प्रेक्षक गेले. २०१९मध्ये राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद स्टेजवर एक मोटरसायकल आली, रॅलीची गाडी तिला धडकली आणि एकाच कुटुंबातली तीन माणसं गेली. हे आकडे लिहिताना हात थांबतो. तुमच्याकडे पुरेसे मार्शल नसतील, आडवाटांवर माणूस ठेवता येत नसेल, सरपंच आणि पोलीस पाटलांशी बोलणं झालेलं नसेल, तर लोकांना स्टेजवर बोलावू नका. मग मैदानच बरं.

पण स्टंटचा धोका मैदानात संपत नाही, तो दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येतो. हँडब्रेक ओढून गाडी फिरवणं हे सगळ्यांत सोपं अनुकरण. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्यांदा पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हे मैदानात माइकवरून सांगणारं सहसा कुणी नसतं. हेल्मेट, रोल केज (गाडीच्या आतला पोलादी पिंजरा), सहा पट्ट्यांचा सीटबेल्ट हे जवळून दाखवलं तर पोरं ऐकतात. मी दाखवून पाहिलंय.

मग तुमच्यासाठी काय?

स्टेज शहरापासून तासाभरात असेल आणि मार्शलांची फळी भक्कम असेल, तर विचार करू नका. बस, पाण्याची सोय, बघायच्या दोनच जागा आणि तिथे माइक घेतलेला एक माणूस, जो मराठीत वेळा आणि फरक सांगत राहील. हा माणूस सगळ्यांत महत्त्वाचा, आणि अंदाजपत्रकात त्याचंच नाव नसतं. पुण्याचे संजय टकले परदेशात जाऊन रॅली चालवतात, गौरव गिलने आशिया-पॅसिफिक रॅली तीनदा जिंकली आणि २०१९मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, हे त्याने दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत सांगावं. ती शांतता भरायला आपल्याकडे गोष्टी भरपूर आहेत.

स्टेज तीन तासांवर असेल तर शहरात सुपर स्पेशल ठेवा: छोटा बंदिस्त मार्ग, दोन गाड्या एकदम, आणि त्या वेळा रॅलीच्या निकालात धरलेल्या. प्रायोजकाला गर्दी मिळते आणि गर्दीला घड्याळ.

आणि प्रायोजक स्टंटवरच अडून बसला असेल तर तेही करा, पण रॅलीच्या आधीच्या आठवड्यात, त्याच रॅलीत उतरणाऱ्या चालकाला घेऊन. को-ड्रायव्हरला शेजारी बसवा, मैदानात खुंट्या रोवून वळणं आखा, आणि त्याचा इंटरकॉम लाउडस्पीकरला जोडा. ‘फिफ्टी, राइट थ्री’ हे शब्द आधी कानावर पडू देत आणि गाडी नंतर वळू दे. प्रवेशिकेच्या मागे स्टेजची तारीख, गावाचं नाव आणि बस सुटायची वेळ छापा.