संदर्भ बायबल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

२०१९ च्या पुरात सांगलीच्या घरातले जुने बायबल भिजून गेल्यावर काही वर्षे मी साध्या प्रतीवर भागवले आणि शेवटी चौदाशे रुपये मोजून तळटीपा व समासातील संदर्भ असलेली ही मराठी आवृत्ती घेतली. पाचव्या महिन्यात यशया या पुस्तकाची पाने सुटली. दुकानदाराने "वापराने सुटली" असे म्हणून प्रत बदलून दिली नाही. रोज वाचण्यासाठी घेतलेल्या ग्रंथाबाबत हे उत्तर मला मान्य नाही. पाठीला शिलाई आहे की नुसता डिंक, हे घेतानाच पाहावे.

तरी माझी मुख्य तक्रार तळटीपांबद्दल आहे. सुरुवातीला मी त्यांची स्तुतीच करत असे. मग एका प्रार्थनासभेत यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९:११ (अध्याय २९, वचन ११) वर बोलताना, देवाचे संकल्प हिताचे आहेत म्हणून नोकरी शोधणाऱ्या एका मुलाला लवकरच यश मिळेल, असे मी टिपेच्या आधारे सांगितले. मिरजेच्या आत्याबाईंनी विचारले, "हे यिर्मयाचं आहे, की खाली छापणाऱ्यांचं?" मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री अध्याय पहिल्या वचनापासून वाचला. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. पाचव्या वचनात घरे बांधा, मळे लावा असे सांगितले आहे आणि दहाव्यात सत्तर वर्षांची मुदत आहे. ते ऐकणारे वृद्ध परतण्याआधीच मरणार होते. टिपेत यातले काहीच नव्हते. पण ती त्याच पानावर, जवळपास त्याच टाइपात छापलेली असल्यामुळे वचनाचा अधिकार मी तिला देऊन बसलो होतो.

तेव्हापासून मी तळटीपांवर कागदाची पट्टी ठेवून वाचतो, आणि आधी ज्यांच्याकडे पाहिलेही नव्हते ते समासातील बारीक संदर्भच आता मला पूर्ण किमतीचे वाटतात. दहाव्या वचनापाशी दानीएल ९:२ चा संदर्भ आहे. तेथे बाबेलातच बंदिवासात असलेला दानीएल यिर्मयाचे लिखाण वाचून सत्तर वर्षांचा हिशेब समजून घेतो, आणि लगेच उपास करून, गोणपाट व राख घेऊन पापांची कबुली देऊ लागतो. हे अभिवचन कसे वाचावे, ते शास्त्रानेच दाखवले आहे. मिरजेत ज्या प्रेस्बिटेरियन मिशनने काम उभारले, त्यांच्या परंपरेतील १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीत, म्हणजे श्रद्धेच्या लेखी मांडणीत, हाच नियम आहे: शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावावा, अवघड वचन स्पष्ट वचनांच्या आधारे समजून घ्यावे. वजने, मापे, राजांचे काळ यांसाठी मी टीपा अजूनही पाहतो, परंतु अध्याय वाचून झाल्यावर. प्रकाशकाने निदान त्यांचा टाइप वेगळा ठेवावा आणि टीप कोणी लिहिली ते छापावे. त्या मुलाकडे जाऊन मी माझे बोलणे मागे घेतले आणि तो अध्याय आम्ही दोघांनी मिळून वाचला.

यशया मिरजेच्या बाइंडरने दीडशे रुपयांत पक्का शिवून दिला, मात्र आतल्या समासातील संदर्भ शिलाईत गेले. एका मित्राच्या प्रतीवरून ते मी वहीत उतरवून घेत आहे. चाळिसाव्या अध्यायापर्यंत आलो आहे.