वेंगुर्ल्यातला शनिवारचा बायबल वर्ग: जरूर जा

मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय (चर्च), हे नक्की काय असतं, ते इतकं नीट सांगणारा वर्ग मी आपल्या किनाऱ्यावर प्रथमच पाहिला. शिकवणाऱ्या बाईंनी बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १, वचन २ उघडायला लावलं. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो आणि त्याच दमात ठिकठिकाणी ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्या सगळ्यांना सामावून घेतो. म्हणजे मूठभर माणसांची आमची उपासना ही कुणा मोठ्या मंडळीची शाखा नव्हे. ती मंडळीच तिथे हजर असते. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

शेजारच्या मासेवाल्या मावशींनी विचारलं, "मग आमच्या वाडीतले कॅथलिक?" बाईंनी टाळलं नाही. 'एक, पवित्र' मंडळीवर विश्वास असल्याचं सांगणारा निकीयाचा मतांगीकार (विश्वासाची जुनी कबुली) कॅथलिक आणि आपण दोघेही म्हणतो; कॅथलिक ते ऐक्य बिशप आणि पोप यांच्याशी जोडतात, असं सरळ सांगितलं.

१९७० साली नागपुरात सहा प्रोटेस्टंट मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकच मंडळी झाली, तो भाग मात्र घाईत उरकला. त्याला एक अख्खा शनिवार हवा. टिपणांची अक्षरं बारीक आहेत, चष्मा न्या. वर्ग मोफत आहे आणि कुठल्याही मंडळीच्या माणसाला बसू देतात.