कोल्हापूर की नाशिक? बिऱ्हाड हलवण्याआधी

मुंबई-पुण्याचं भाडं आणि रस्त्यावर जाणारे तास नकोसे झाले की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्हीकडे नदी आहे, देवस्थान आहे, एमआयडीसी आहे, स्वतःची मिसळही आहे. राहायला मात्र ही शहरं फार वेगळी आहेत. २०११ च्या जनगणनेत नाशिक पंधरा लाखांच्या घरात होतं, कोल्हापूर साडेपाच लाखांच्या. नाशिक महापालिकेचं क्षेत्र अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर जातं, कोल्हापूरचं ६७ च्या आत संपतं. एक पसरलेलं, दुसरं दाटलेलं. पुढचं बरंचसं यातूनच येतं.

आधी महिन्यातल्या मुंबई फेऱ्या मोजा

घरातल्या एकाचं जरी काम मुंबईशी बांधलेलं असेल, तर आमच्या मते कोल्हापूरचा विचार सोडावा. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरली की चारेक तासांत मुंबई गाठता येते आणि त्याच गाडीने रात्री घरी परतता येतं. रस्त्याने जाणाऱ्यांना जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा मिळाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी मात्र तशीच आहे. घाटात वाचलेला वेळ तिथे जाऊ शकतो, हे धरूनच निघावं.

कोल्हापूरहून मुंबई म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसची पूर्ण रात्र. महिन्यातून एकदा ठीक आहे, आठवड्याला नाही. उलट पुण्याशी संबंध असेल तर दोन्ही शहरं रस्त्याने जवळपास सारखीच पडतात: कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर, नाशिक सुमारे २१०. पण कोल्हापूर-पुणे थेट रेल्वे आहे. नाशिक-पुणे थेट लोहमार्ग अजून नाही, रेल्वेने फिरूनच जावं लागतं. त्यामुळे तिथे भिस्त रस्त्यावर, आणि चाकणला अडकणं रोजचं.

कोल्हापुरात घर घेताना फूट कळायला हवेत

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर सकाळी विचारतो, ‘आज किती फूट?’ म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. वरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत, म्हणजे पुढे पंचगंगेत येतं. शिवाय पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. म्हणून शहरात ऊन पडलं तरी पूर कित्येक दिवस उतरत नाही.

घर बघताना दोन कामं नक्की करा. नगररचना विभागातून त्या जागेचा झोन दाखला घ्या आणि ती निळ्या रेषेच्या आत आहे, निळ्या-लाल रेषांच्या मधे आहे की बाहेर, ते नकाशावर बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांच्या पुराची. दुसरं, शेजारच्या दुकानदाराला विचारा: ‘एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं? आणि एकवीसला?’ लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, कसबा बावड्याचा नदीकडचा भाग, नागाळा पार्कचा सखल भाग इथे हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. राजारामपुरीचा वरचा भाग, राजेंद्रनगर, विद्यापीठाचा परिसर हे उंचावर आहेत.

‘आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे’ यावर विसंबू नका. मीटरची पेटी, पाण्याची मोटर, लिफ्टचा खड्डा आणि जमिनीखालची टाकी सगळं इमारतीच्या तळाशी असतं. पाणी वाहनतळात शिरलं की वीज बंद करावी लागते. मग घर कोरडं राहतं, पण लिफ्ट नाही, नळाला पाणी नाही, आणि टाकीत गाळ. ती उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून धुतल्याशिवाय वापरता येत नाही. मीटरची पेटी जमिनीपासून किती उंचीवर बसवली आहे, हे बघून इमारत बांधणाऱ्याने पुराचा विचार केला होता की नाही ते कळतं.

२०१९ ला उपसा केंद्रांतच पाणी घुसल्याने उंचावरच्या घरांचेही नळ कोरडे पडले आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्याने शहर तुटलं. दूध, पेट्रोल मिळेना. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या अखेरीस शहरात आलं. तो मोठा दिलासा आहे, तरी गळती लागली किंवा वीज गेली की पुरवठा थांबतोच. दोन दिवस पुरेल एवढी टाकी असलेलीच इमारत निवडा.

दुसरी मेख हद्दीची. महापालिका १९७२ ला झाली, पण तेव्हापासून हद्द वाढलेली नाही. त्यामुळे पाचगाव, उचगाव, कळंब्याकडची नवी घरं शहरासारखी दिसतात, पण कारभार ग्रामपंचायतीचा. पाण्याची योजना वेगळी, कचऱ्याची व्यवस्था वेगळी, बांधकाम परवानगीचं कार्यालय वेगळं. स्वस्त मिळतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. नळाला किती दिवसाआड पाणी येतं, हे विकणाऱ्याला नाही, खालच्या मजल्यावरच्या गृहिणीला विचारा.

नाशकात शहरातलं अंतर बघा

नाशिकमध्ये चुकणारे लोक मुंबईचं अंतर मोजतात आणि शहरातलं विसरतात. नाशिकरोड स्टेशन शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकापासून (सीबीएस) नऊ-दहा किलोमीटर आहे. गंगापूर रोडला घर घेऊन रोज पंचवटी एक्स्प्रेस पकडायची म्हणजे पहाटे शहर ओलांडायचं. रेल्वेने जाणाऱ्याने जेलरोड, नाशिकरोडच बघावं. सातपूर-अंबडला नोकरी असेल तर सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा. चुकीच्या बाजूला घर घेतलं की द्वारका चौकातली कोंडी रोज दोनदा वाट्याला येते.

पुराचा प्रश्न इथेही आहे, पण पट्टा अरुंद आहे. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हेच नाशिककरांचं मोजमाप: कमरेला, छातीला, डोक्यावरून. सराफ बाजार, भांडी बाजार आणि नदीलगतचा पंचवटी भाग सोडला तर बहुतेक वस्त्यांना त्याची झळ बसत नाही. सिडकोतलं जुनं घर घेताना जमीन भाडेपट्ट्याची आहे की मालकी हक्काची झाली आहे, आणि आधीची सगळी हस्तांतरणं सिडको महामंडळाकडे नोंदलेली आहेत का, हे वकिलाकडून तपासून घ्या. मधली एक नोंद राहिली तरी बँक कर्ज अडवते. २०२७ ला सिंहस्थ कुंभमेळा आहे. पंचवटी, तपोवन भागात भाड्याने जाणाऱ्यांनी तोवरची खोदकामं आणि पर्वणीच्या दिवसांतली वाहनबंदी गृहीत धरावी.

काम आणि माणसं

अभियांत्रिकीत नोकरी हवी असेल तर नाशिकला पर्याय जास्त: सातपूर, अंबड, सिन्नर, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना. स्वतःचा छोटा कारखाना टाकायचा असेल तर आम्ही कोल्हापूर सुचवू. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्या आणि उद्यमनगरची वर्कशॉप्स यांमुळे पॅटर्नपासून ओतकाम आणि मशीनिंगपर्यंत सगळं एका दुपारी फिरून ठरवता येतं. वकिलांसाठी ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, हे एकच कारण पुरेसं ठरू शकतं. आयटीवाल्यांनी घरून काम कायमचं आहे याची लेखी खात्री झाल्याशिवाय दोन्हीकडे जाऊ नये.

नाशकात खानदेशी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय सगळे मिसळलेले आहेत. नवख्याला कुणी फारसं विचारत नाही. कोल्हापुरात ‘पाव्हणं, कुठलं?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो आणि पेठेतल्या तालमीशी, म्हणजे तिथल्या तरुण मंडळाशी, ओळख झाली की पुरात सामान वर चढवायला तीच पोरं धावून येतात. त्याच तालमींचा गणपती आणि फुटबॉलचा जल्लोष खिडकीखाली असणार, हे मात्र कबूल असायला हवं.

आगाऊ रक्कम देण्याआधी एकदा चुकीच्या वेळी जाऊन या. कोल्हापूरला जुलैच्या अखेरीस, पाणी चाळिशीच्या आसपास असताना, आणि नाशकात सोमवारी सकाळी साडेनऊला द्वारका चौकातून.